पगारे मॅडमचं अंतर

पगारे मॅडमना काहीही सांगायला जा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "आत की बाहेर?"

आमच्या इमारतीत एकदा साप निघाला. माझी बायको सुनीता धापा टाकत जिना चढून त्यांच्या दारात गेली आणि म्हणाली, "मॅडम, साप!" मॅडम भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "आत की बाहेर?" साप पार्किंगमध्ये होता. "मग असू द्या," म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली. कॉलेजात प्राचार्यांनी एकदा भर सभेत सांगितलं की तपासणी समिती आली आहे, तेव्हाही मागच्या रांगेतून हाच प्रश्न आला. प्राचार्यांना ती थट्टा वाटली. पण मॅडम थट्टा करत नव्हत्या. समिती गेटाबाहेर असेल तर चहा संपवायचा आणि आत असेल तर टाकून उठायचं, एवढंच त्यांना ठरवायचं होतं.

त्या जीवभौतिकी शिकवायच्या आणि मी मराठी. एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत. त्या चौथ्या मजल्यावर आणि आम्ही दुसऱ्या. त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून मी अनेक वर्षं कॉलेजला गेलो आहे. स्कूटर चालवताना त्या दोन्ही पाय खाली लोंबते ठेवायच्या, आणि औरंगपुऱ्याच्या गर्दीत त्यांच्या चपला कायम कुणाच्या ना कुणाच्या सायकलला, हातगाडीला, क्वचित म्हशीला घासून जायच्या. मॅडम मूळच्या फुलंब्रीकडच्या. घरातल्या पहिल्या पदवीधर, पहिल्या पीएच.डी. आणि त्यांच्याच शब्दांत "पहिल्या बिनलग्नाच्या". घरात पुस्तकं, बुद्धाची एक छोटी मूर्ती आणि पाहुणा बसेल अशी एकच खुर्ची.

'आत की बाहेर' हा प्रश्न त्यांच्या पीएच.डी.तून आला होता. किरणोत्सारी पदार्थ पेशीच्या आत जाऊन बसला तर तिची कशी हानी करतो, हा त्यांचा विषय. मला विज्ञानातलं काही कळत नाही, म्हणून त्यांनी मला तो विषय बहुधा शंभरदा समजावला. त्यांचं म्हणणं असं, की तोच कण, तेवढीच ताकद, पण तो कुठं बसून फुटतो यावर सगळं अवलंबून. काही कण इतके आखूड पल्ल्याचे असतात की बाहेरून आले तर कातडीच्या मेलेल्या थरातच त्यांचा दम संपतो. तेच श्वासातून किंवा घासातून आत गेले, पेशीत शिरले, केंद्रकापाशी जाऊन बसले, की मग त्यांना लांब जायची गरजच उरत नाही. डीएनएची दुपदरी दोरी हाताशीच असते. एक पदर तुटला तर पेशी दुसऱ्या पदराकडे बघून सांधून घेते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले, की कशाकडे बघून सांधणार?

हे मुलांना नीट कळावं म्हणून त्यांनी भोपळ्याचा प्रयोग केला.

प्रयोगशाळेमागच्या मोकळ्या जागेत दोन लाल भोपळे ठेवले होते. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघत होतो. मुलं चुन्याने आखलेल्या रेषेमागे उभी. मॅडमनी पहिल्या भोपळ्यापासून हातभर अंतरावर सुतळी बॉम्ब ठेवला आणि पेटवला. दणका झाला. धूर विरल्यावर मुलांनी जाऊन पाहिलं. सालीवर थोडी काजळी, बाकी भोपळा जसाच्या तसा. "हे बाहेरून," मॅडम म्हणाल्या. मग मुलांना परत रेषेमागे पिटाळलं, दुसऱ्या भोपळ्याला भोक पाडलं, बॉम्ब आत बसवला, वात पेटवली आणि स्वतःही मागे पळाल्या.

पहिला आवाज ऐकून प्राचार्य नेमके त्याच वेळी कोपऱ्यावरून आले. पांढरी सफारी. "हा काय प्रकार आहे?" असं विचारत ते सरळ भोपळ्यापाशी जाऊन उभे राहिले. मॅडम ओरडल्या, "सर, मागं व्हा!" प्राचार्यांना आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते ऐकण्याऐवजी आश्चर्यच करत राहिले.

मग भोपळा नव्हताच. जो काही होता तो प्राचार्यांवर होता. सफारीला गर, चष्म्याला दोरे आणि मिशीत एक बी. त्यांना लागलं काहीच नव्हतं, पण ते कितीतरी वेळ हललेच नाहीत. मॅडम त्यांच्याजवळ गेल्या, त्यांना निरखून पाहिलं आणि मुलांकडे वळून म्हणाल्या, "बॉम्ब तोच. भोपळाही सारखाच. आता सांगा, फरक कशाचा?"

"जागेचा!" सगळा वर्ग ओरडला.

दुपारी केबिनमध्ये बोलावणं आलं. "एखाद्या मुलाला इजा झाली असती म्हणजे?" प्राचार्यांनी विचारलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पोरं रेषेच्या पल्याड होती सर. रेषेच्या अल्याड तुम्ही एकटेच होता." प्राचार्यांनी पुढे कधी हा विषय काढला नाही. पण निवृत्त होईपर्यंत ते कॅन्टीनमध्ये भोपळ्याची भाजी असली की परत जायचे.

स्वतःचा आजारही मॅडमना वर्गातच कळला. शिकवता शिकवता त्या पाणी प्यायल्या, तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी भीत भीत म्हणाली, "मॅडम, तुमच्या गळ्यात काहीतरी वर-खाली होतंय."

"कुठं?" मॅडमनी दुसरा घोट घेतला. "आता दिसतं?"

"हो."

"सगळ्यांना दिसतं का? मागच्यांनी पुढं या." आणि अख्खा वर्ग टेबलाभोवती जमून मॅडम पाणी कशा गिळतात ते बघत उभा राहिला. त्यांनी बाटली संपवली. मग गळ्याला हात लावून स्वतःच चाचपलं आणि म्हणाल्या, "थायरॉईडची गाठ गिळताना हलते. लिहून घ्या." मुलांनी लिहून घेतलं. ती मुलगी मात्र रडायला लागली, तेव्हा मॅडमनी तिला शाबासकी दिली आणि तास संपायच्या आधीच वर्ग सोडला. असं त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं.

तपासण्या झाल्या. एके दिवशी कॉलेजातून परतताना सिग्नलला स्कूटर थांबलेली असताना त्या मान न वळवता म्हणाल्या, "जोशी सर, कॅन्सर निघाला." मागून हॉर्न वाजायला लागले. "विचारा ना," त्या म्हणाल्या, "आत की बाहेर?" आणि हसल्या. मी मात्र पुढचा सगळा रस्ता त्यांच्या पाठीकडे बघत होतो.

ऑपरेशन पार पडलं, गाठ निघाली. पण आजूबाजूला काही पेशी उरलेल्या होत्या आणि त्यांच्यासाठी किरणोत्सारी आयोडीनची गोळी घ्यायची होती. म्हणजे ज्या विषयात त्यांनी आयुष्य घालवलं, तो विषय आता त्या गिळणार होत्या. याचा त्यांना झालेला आनंद बघून दवाखान्यातले डॉक्टर बुचकळ्यात पडले. "थायरॉईडच्या पेशीला आयोडीन लागतंच," त्या मला सांगायच्या. "समोर आलं की ओढून आत घेते. साधं कोणतं, किरणोत्सारी कोणतं, तिला कळत नाय. आधार कार्ड मागत नाय ती. आत घेते, आणि मग ते आत बसून तिचा भोपळा करतं."

त्यासाठी आधी पेशींना उपाशी ठेवायचं असतं. काही आठवडे आयोडीनचं मीठ बंद, दूध बंद, अंडी बंद. साध्या मिठासाठी आम्ही दोघं औरंगपुऱ्यात फिरलो. शेवटी एका जुन्या दुकानातल्या म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं, "मॅडम, बिगर आयोडीनचं म्हंजे जनावराला घालायचं का?"

"व्हय."

"जनावर कोणतं? गाय का म्हैस?"

मॅडमनी क्षणभर विचार केला. "मीच," त्या म्हणाल्या.

दुकानदाराने त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, बाईला दवाखान्यात दाखवा." मी म्हटलं, दवाखान्यातूनच आलोय. शेवटी डॉक्टरांनीच एक मीठ सुचवलं आणि तो शोध संपला.

गोष्ट इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. सोसायटीचे चेअरमन चौधरीकाका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. भला माणूस, पण घाबरट. त्यात त्यांची मुलगी पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि चौधरींचा फ्लॅट बरोबर मॅडमच्या खाली. काकांनी गच्चीवर तातडीची सभा बोलावली. मॅडमनाही बोलावलं, आणि मॅडम फळा घेऊन आल्या.

तशी सभा मी परत पाहिली नाही. पहिल्या मजल्यावरच्या एकाने विचारलं, पाण्याची टाकी बदलावी लागेल का? दुसऱ्याला शंका, की त्याच्या मोबाइलची रेंज जाईल. एका आजींनी विचारलं, "बाई, लाइट गेली तर तुमचा उजेड पडंल का?" मॅडम खऱ्याखुऱ्या खेदाने म्हणाल्या, "नाय पडणार हो आजी. पडला असता तर जिन्यातच बसले असते, सगळ्यांची सोय झाली असती." मग फळ्यावर पेशी काढून सगळ्यांना समजावलं. यातले बीटा कण दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत, ते त्यांचं काम माझ्या गळ्यातच करतील. गॅमा किरण मात्र थोडे बाहेर येतात. म्हणून आधी दवाखान्यात वेगळ्या खोलीत राहायचं, आणि घरी आल्यावर काही दिवस लोकांपासून अंतर ठेवायचं. गरोदर बाई आणि लहान मूल यांच्यापासून जास्त दिवस आणि जास्त लांब. मधे स्लॅब आहे, पल्लवीला धोका नाही, हे डॉक्टरांनाही विचारून घेतलंय.

चौधरीकाकांचं समाधान होईना. "ते सगळं खरं मॅडम," ते म्हणाले, "पण जिन्यात अचानक गाठ पडली तर? असं करा ना, तुम्ही बाहेर निघताना एक घंटी वाजवत चला. म्हणजे पल्लवी दार लावून घेईल."

काय बोलून गेलो ते काकांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते खिशातला रुमाल शोधायला लागले. सुनीताने माझा हात घट्ट धरला.

मॅडमनी खडू खाली ठेवला. "काका," त्या म्हणाल्या, "आमच्या पणज्याला गावात असंच सांगितलेलं होतं. आरोळी देत चल म्हणून. त्याच्यात काहीच नव्हतं हो, बिचाऱ्यात. माझ्यात यावेळी खरंच असणारे." आणि त्या मोठ्याने हसल्या. कुणीच सोबत हसेना. मग म्हणाल्या, "घंटी मी वाजवणार नाय. पण तुमच्या पोरीच्या जवळ मी येणार नाय, ही जबाबदारी माझी. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच अंतर आम्ही ठरवतोय. मला नीट मोजून ठरवू द्या."

आणि त्यांनी खरोखर मोजलं. शिंप्याकडचा नव्हे, सुताराकडचा लोखंडी टेप आणून जिन्याच्या प्रत्येक वळणावर खडूने रेघा मारल्या.

दवाखान्यातून सुटल्यावर त्या रिक्षातून आल्या. मी मागून स्कूटरवर होतो, त्यांच्याच. रिक्षावाले सलीमभाई आमच्या कोपऱ्यावरचेच. मॅडमना उतरवल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, मेरी गाडी को तो कुछ नहीं होनेका ना?" मॅडम म्हणाल्या, "नाय. पण आता दोन घरं लांबून बोला, सलीमभाई." सलीमभाई खरोखर दोन घरं लांब गेले आणि तिथून ओरडून म्हणाले, "अल्ला आपको सलामत रखे!" सगळ्या गल्लीने ऐकलं.

पुढचे काही दिवस इमारतीचा आवाज वाढला. मॅडम आपल्या दारात खुर्ची टाकून बसायच्या, आम्ही दीड मजला खाली पायऱ्यांवर, आणि गप्पा ओरडून चालायच्या. सुनीता डबा दाराशी ठेवून हाक मारायची, तिचे पाय रेघेखाली उतरल्याची खात्री झाली की मॅडम दार उघडायच्या. लाळेच्या ग्रंथीही आयोडीन ओढून घेतात, म्हणून तोंडात सतत लिंबाची फोड. त्यामुळे त्यांचं ओरडणंही आंबट तोंड करून चालायचं. अळणी वरणाबद्दल, कॉलेजातल्या राजकारणाबद्दल, डीएनएबद्दल. पहिल्या मजल्यावरच्या आजी अधूनमधून वर हाक मारून विचारायच्या, "आज किती पेशी मेल्या?"

याच दिवसांत पल्लवीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण घरी आली, त्या संध्याकाळी जिन्यात गडबड ऐकून मी दार उघडलं. वर गेलो तर चौधरीकाका दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन चौथ्या मजल्याकडे चढत होते, आणि त्यांनी शेवटची रेघ ओलांडलेली होती. मॅडम दारातून आत सरकत होत्या.

"घ्या हो मॅडम, मांडीवर घ्या," काका म्हणत होते. त्यांचे डोळे भरले होते. "तुमच्या हातात दिल्याशिवाय मला बरं वाटणार नाही."

"काका, मागं व्हा!"

"मी चुकलो त्या दिवशी. घ्या."

"तुम्ही चुकला ते चुकला, आता दुसऱ्यांदा चुकू नका! मुदत संपायची हाये माझी. मागं!" त्या स्वयंपाकघरापर्यंत मागे गेल्या होत्या आणि काका उंबऱ्यात. बाळ झोपलेलं. "तुमच्या घरी कुणी बाई नाय का हो अक्कलवाली?" आतून मॅडम ओरडल्या. "जोशी सर, धरा त्यांना!"

मी काकांना दंडाला धरून खाली आणलं. ते पायरीवर बसले आणि रडले. आतून मॅडमचा आवाज आला, "नाक कसं आहे?"

काकांनी दुपटं सरकवून पाहिलं. "मोठं," ते म्हणाले.

"चांगलंय. चष्मा टिकतो."

मुदत संपली त्या दिवशी मॅडम स्वतःहून खाली गेल्या आणि बाळ मांडीवर घेऊन दुपारभर बसल्या. काकांनी ओल्या फडक्याने जिन्यातल्या रेघा पुसल्या. कुणाला सांगितलं नाही, स्वतःच पुसल्या.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. स्कॅन स्वच्छ येत होते. मॅडम निवृत्त झाल्या, तरी कॉलेजात कुठल्या ना कुठल्या निमित्ताने शिकवायला जायच्याच. तोंड मात्र कायमचं कोरडं झालं होतं, दर दोन वाक्यांनी पाण्याचा घोट लागायचा. मग एका तपासणीत फुप्फुसात बारीक ठिपके दिसले. पुन्हा गोळी दिली. आणि गोळीनंतरच्या स्कॅनमध्ये ते ठिपके उजळलेच नाहीत. याचा अर्थ त्यांनीच मला सांगितला. त्या पेशी आता आयोडीन आत घेत नव्हत्या. औषध रक्तातून त्यांच्या दारावरून फिरून गेलं होतं.

"शिकल्या हो," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, आणि मला त्यांचा जरा रागच आला. "इतकी वर्षं ओळख नव्हती पटत. आता दार उघडत नायत." मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मला भीती वाटते, जोशी सर," त्या म्हणाल्या. एवढं एकदाच म्हणाल्या.

मग किरणोत्सारी नसलेल्या, रोज घ्यायच्या दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांच्यावर काही महिने चांगले गेले, काही वाईट. आवाज बसला, इतका की कुजबुजीसारखा झाला. मी त्यांना दवाखान्यात न्यायचो, आता स्कूटरवर नाही, सलीमभाईंच्या रिक्षातून.

त्यातल्याच एका फेरीत आम्ही बाहेरच्या हॉलमध्ये बसलो होतो. मॅडमचं काम झालं होतं, निघायचंच होतं. समोरच्या बाकावर वैजापूरकडची एक तरुण बाई नवऱ्याबरोबर बसली होती. हिरवी साडी, गळ्यावर ऑपरेशनची ताजी खूण. तिची गोळीची पहिलीच वेळ. नवरा तिला सारखं सांगत होता, काय होत नाय, आणि स्वतःच हातातली फाइल सारखी उघडून मिटत होता. मॅडम उठल्या, तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिच्या कानाशी बोलायला लागल्या. आवाजच नव्हता, त्यामुळे आजूबाजूच्या बाकांवरचे लोकही पुढे वाकून ऐकायला लागले. हळूहळू अख्खा हॉल गप्प झाला. नंबर पुकारणारा माणूससुद्धा थांबला.

"चव नसती गोळीला," मॅडम सांगत होत्या. "पाणी लई पी. लाजू नको, सारखी बाथरूमला जा. खोलीत एकटी राहशील तर गाणी म्हण, मोठ्यानं म्हण, कुणी ऐकत नाय."

"माझं पोरगं दूध पीत होतं," ती बाई म्हणाली. "सोडवलं आता. वळखंल का मला घरी गेल्यावर?"

मॅडमनी घोटभर पाणी घेतलं. "व्हय," त्या म्हणाल्या. "वळखतंय. रुसंल दोन दिस, मग चिकटंल. तू घट्ट हो आधी."

आतून नाव पुकारलं गेलं. बाई उठली, दारापर्यंत गेली आणि वळून तिने नवऱ्याकडे नाही, मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी हात वर केला. दार लागलं.

मी म्हटलं, "चला मॅडम, सलीमभाई थांबलेत."

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "ती बाहेर येऊ द्या."

"मॅडम, ती परवा येईल बाहेर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत होतं. "व्हय की," त्या म्हणाल्या, पदर सारखा केला, आणि त्या दाराकडे तोंड करून बाकावर आणखी जरा ऐसपैस बसल्या.